पोपचा अधिकार बायबलमध्ये आहे का? आधी प्रश्न सुटा करू

तुमचा प्रश्न मी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही निसटलं असेल तर लक्षात येईल. तुम्ही नगरकडच्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या घरातले, होणारी बायको वसईच्या कॅथलिक घरातली. साखरपुड्याच्या बोलण्यात विषय निघाला. तुमचे काका म्हणाले, पोप बायबलमध्ये कुठेच नाही, तो माणसांनी बसवलेला आहे. तिच्या वडिलांनी मत्तय 16:18 (‘तू पेत्र आहेस, आणि या खडकावर मी आपली मंडळी रचीन’) उघडून दाखवलं आणि विषय संपला असं जाहीर केलं. मग काकांनी एक पत्रक पाठवलं. त्यात पेत्र या नावाचा ग्रीक अर्थ आहे, पौलाने पेत्राला तोंडावर सुनावल्याचा प्रसंग आहे आणि 1870 सालच्या एका क्रोएशियन बिशपचं पोपविरोधी भाषण आहे. खरं कोण, आणि लग्नासाठी तुम्हाला पोपला मानावं लागेल का, असं तुम्ही विचारता.

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देऊन टाकते: नाही, मानावं लागत नाही. त्याचा तपशील शेवटी येईल. पहिल्या भागाला मात्र वेळ लागणार.

मी कोण तेही सांगायला हवं. मी कॅथलिक आहे, प्रापंचिक आहे, धर्मगुरू किंवा सिस्टर नाही. प्रौढांना श्रद्धाशिक्षण देते आणि मिश्र विवाह करणाऱ्या जोडप्यांना शिकवते, त्यामुळे हा वाद माझ्यापुढे वारंवार येतो. मी तटस्थ नाही. पोपचं पद ख्रिस्ताच्या इच्छेतून आलं असं मी मानते. पण आपल्या बाजूचा कोणता मुद्दा भक्कम आणि कोणता लंगडा, हे सांगायला तटस्थ असावं लागत नाही. तुमच्याकडे मंडळी म्हणतात, आमच्याकडे ख्रिस्तसभा. मी इथे सरळ चर्च म्हणते, म्हणजे त्यावरून नवा वाद नको.

दोन्ही घरांत जे झालं ते नेहमीच होतं. पोपचा अधिकार हा एक दावा नाही, एकावर एक ठेवलेले तीन दावे आहेत. येशूने पेत्राला बाकीच्या प्रेषितांपेक्षा वेगळं काम दिलं, हा पहिला. ते काम पेत्राबरोबर संपलं नाही, पुढे चालू राहिलं, हा दुसरा. ते चालवणारा माणूस म्हणजे रोमचा बिशप आणि त्याचे अधिकार अमुक अमुक, हा तिसरा. तुमच्या सासऱ्यांनी पहिला सिद्ध केला आणि तिसरा सिद्ध झाला असं समजले. काकांना तिसरा बायबलमध्ये सापडला नाही, म्हणून त्यांनी पहिलाही मोडीत काढला. तिन्ही दाव्यांचा पुरावा वेगळ्या जातीचा आहे आणि वजनही सारखं नाही.

पहिल्या दाव्याला नव्या करारात भरपूर आधार आहे. पत्रकातला ग्रीकचा मुद्दा लवकर उरकते. पेत्रोस म्हणजे सुटा दगड, पेत्रा म्हणजे खडक, म्हणून ‘या खडकावर’ हे शब्द पेत्राला उद्देशून नाहीत, असं त्यात म्हटलंय. पण येशू आणि शिमोन (पेत्राचं मूळ नाव) एकमेकांशी अरामी बोलत असणार, आणि अरामीत दोन्ही ठिकाणी केफा हाच शब्द येतो. पौल गलतीकरांच्या पत्रात त्याला बहुतेक ठिकाणी केफाच म्हणतो. ग्रीकमध्ये पुरुषाचं नाव म्हणून पुल्लिंगी रूप घ्यावं लागलं, एवढीच भानगड. खडक म्हणजे पेत्र हे आज पुष्कळ नामवंत प्रॉटेस्टंट अभ्यासकही मान्य करतात.

तरीही सासऱ्यांनी लगेच खूश होऊ नये, कारण सुरुवातीच्या शतकांतल्या आचार्यांचंच इथे एकमत नाही. ओरिजेन म्हणतो, पेत्रासारखी ‘तू ख्रिस्त आहेस’ अशी कबुली देणारा प्रत्येक जण खडक. जॉन क्रिसोस्तम पेत्राच्या कबुलीला पाया मानतो. ऑगस्टीनची तर गंमतच आहे. आधी त्याने खडक म्हणजे पेत्र असं लिहिलं, नंतर खडक म्हणजे पेत्राने ज्याची कबुली दिली तो ख्रिस्त असं सांगू लागला, आणि म्हातारपणी स्वतःच्या ग्रंथांची उजळणी करताना दोन्ही अर्थ नोंदवून, पटेल तो वाचकाने घ्यावा असं लिहून मोकळा झाला. रोमशी ऐक्यात असलेला बिशप या वचनाबाबत इतका निवांत राहू शकत होता. पोपपदाची सगळी इमारत त्याच्या मते या एका वचनावर तोललेली नव्हती.

मला स्वतःला त्याच उताऱ्यातलं पुढचं वचन जास्त महत्त्वाचं वाटतं, किल्ल्यांचं. यशयाच्या 22व्या अध्यायात राजवाड्याचा कारभारी शेबना याला पदावरून काढून एल्याकीमाला नेमल्याचा उल्लेख आहे. दाविदाच्या घराण्याची किल्ली त्याच्या खांद्यावर ठेवली जाते, आणि तो उघडेल ते कोणी बंद करू शकत नाही. येशू जेव्हा पेत्राला राज्याच्या किल्ल्या देतो आणि बांधण्या-सोडण्याचं बोलतो, तेव्हा शास्त्र जाणणाऱ्या यहुदी कानांना हाच प्रसंग आठवणार. मराठी माणसाला तो समजावणं सोपं आहे. बाजीरावाच्या शिक्क्यात आधी ‘शाहू नरपति हर्षनिधान’ येतं आणि मग ‘बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान’. शिक्का प्रधान उमटवतो, सत्ता राजाची असते, आणि एक प्रधान गेला तरी पद उरतं. कॅथलिक वाचन नेमकं हे आहे. यावर काका म्हणतील की पुण्याच्या प्रधानांपुढे साताऱ्याच्या राजाची काय अवस्था झाली ते आम्हाला माहीत आहे. बरोबर आहे, आणि प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स आक्षेपांचा गाभा त्या एका वाक्यात आला.

यशया 22 दाखवणारे आमचे लोक बहुतेक वेळा 22व्या वचनावर थांबतात. 25व्या वचनात भक्कम जागी ठोकलेली खुंटी निखळून पडते, तेही वाचावं. आणि प्रकटीकरण 3:7 मध्ये दाविदाची किल्ली थेट ख्रिस्ताच्या हातात आहे. त्यामुळे किल्ल्यांचा मुद्दा चांगला आहे, पण तो कोणाच्या डोक्यात मारायचा मुद्दा नाही.

आणखी दोन उतारे आहेत. लूकच्या 22व्या अध्यायात, शेवटच्या भोजनाच्या वेळी, येशू म्हणतो की सैतानाने तुम्हा सगळ्यांना गव्हासारखं चाळायला मागितलं आहे, पण मी शिमोना तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे; तू वळलास की आपल्या भावांना स्थिर कर. संकट सगळ्यांवर, प्रार्थना एकासाठी, आणि त्या एकावर बाकीच्यांची जबाबदारी. योहानाच्या 21व्या अध्यायात पुनरुत्थित येशू त्यालाच तीन वेळा विचारतो आणि तीन वेळा आपली मेंढरं त्याच्या हवाली करतो. मत्तय, लूक आणि योहान, तीन वेगळ्या लेखकांकडे तीन वेगळे प्रसंग आणि तिन्हींत पेत्राला वेगळं काढलेलं. मला यात सगळ्यात मोठा पुरावा दिसतो तो हाच. एका वचनाचा अर्थ कसाही फिरवता येतो, तीन स्वतंत्र परंपरांचा कल फिरवणं अवघड जातं.

विरुद्ध बाजूची वचनंही पत्रकात आहेत आणि ती खोटी नाहीत. मत्तय 18:18 मध्ये बांधण्या-सोडण्याचा अधिकार सगळ्या शिष्यांना मिळतो (किल्ल्या मात्र तिथे नाहीत). इफिसकरांच्या पत्रात पाया म्हणजे प्रेषित आणि संदेष्टे, सगळेच. प्रेषितांच्या कृत्यांतल्या 15व्या अध्यायात यरुशलेमच्या सभेत पेत्र बोलतो, पण शेवटचा निर्णय याकोब मांडतो. आणि अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवायचं टाळू लागला तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमक्ष दोषी ठरवलं.

हा शेवटचा प्रसंग पोपपद मोडतो असं लोकांना वाटतं. पण पौलाचा आरोप पेत्राच्या शिकवणीवर नव्हता. शिकवण ठाऊक असून लोकांच्या भीतीने वेगळं वागलास, हा आरोप होता. कॅथलिक सिद्धांत पोप पाप करत नाही किंवा घाबरत नाही असं कुठेही म्हणत नाही. उलट मला हा प्रसंग उपयोगी वाटतो. पेत्राला मोठा मान होता म्हणूनच त्याच्या वागण्याने बर्णबासुद्धा वाहवत गेला, आणि तरीही त्याला तोंडावर सांगायची सोय होती. पोपवर टीका केली की श्रद्धा गेली असं मानणाऱ्या आमच्याकडच्या मंडळींना मी हाच अध्याय वाचायला लावते.

आता दुसरा दावा, आणि खरी अडचण इथे आहे.

पेत्राचं काम त्याच्या मृत्यूनंतर दुसऱ्याकडे जाईल, असं नव्या करारात स्पष्ट शब्दांत कुठेही लिहिलेलं नाही. कॅथलिक शिक्षकाने हे पहिल्याच तासाला सांगावं. आधार म्हणून प्रेषितांच्या कृत्यांतला पहिला अध्याय दाखवतात, जिथे यहूदाच्या जागी मत्थियाला निवडलं गेलं. म्हणजे प्रेषिताची जागा रिकामी होते आणि भरली जाते. पण बाराव्या अध्यायात हेरोदाने योहानाचा भाऊ याकोब याला मारलं, तेव्हा त्याच्या जागी कोणाला निवडल्याची नोंद नाही. पौल तीमथ्याला सांगतो की माझ्याकडून ऐकलेलं विश्वासू माणसांच्या हवाली कर, ती पुढे इतरांना शिकवतील. हे हस्तांतर खरं, पण ते शिकवणीचं आणि वडिलांच्या, म्हणजे चर्च सांभाळणाऱ्या ज्येष्ठांच्या, पदाचं. पेत्राच्या खास जागेचा तिथे उल्लेख नाही.

मग कॅथलिक चर्च इथे काय म्हणतं? ते सर्वांत अधिकृत ठिकाणी पाहावं, म्हणजे 18 जुलै 1870 च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेच्या ‘पास्तोर एतेर्नुस’ या दस्तऐवजात. त्याचे चार अध्याय आहेत. पहिला पेत्राच्या प्रमुखत्वावर, आणि तो शुभवर्तमानांवर उभा आहे. दुसरा ते प्रमुखत्व चालू राहण्यावर, आणि तिथे मांडणीच बदलते. वर सांगितलेल्या उताऱ्यांसारखं थेट वचन पुढे न करता परिषद सांगते की खडकावर उभं असलेलं चर्च शेवटपर्यंत टिकणार असेल, तर त्याच्या भल्यासाठी ख्रिस्ताने जे स्थापलं तेही टिकलंच पाहिजे. मग ती साक्षी काढते: 431 साली इफिससच्या परिषदेत पोपच्या प्रतिनिधीने केलेलं विधान, पोप लिओ, इरेनियस, अँब्रोस. थोडक्यात, दुसऱ्या दाव्यासाठी परिषद स्वतःच मुख्यतः तर्क आणि परंपरेकडे वळते.

म्हणून ‘बायबलमध्ये दाखवा’ या आव्हानाला माझं उत्तर असं: पहिला दावा दाखवते, दुसऱ्याची दिशा दाखवते, बाकीच्यासाठी तुम्हाला एक आधीचा प्रश्न सोडवावा लागेल. देवाच्या वचनाचा अर्थ आपल्यापर्यंत फक्त लिखित पानांतून येतो, की ती पानं जपणाऱ्या, वाचणाऱ्या, जगणाऱ्या समाजातूनही येतो? आज आपण वाचतो त्या 27 पुस्तकांची नेमकी यादी आपल्याला पहिल्यांदा दिसते ती 367 साली, अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसच्या ईस्टरच्या पत्रात. कॅथलिक म्हणतो, पुस्तकं कोणती हे ओळखण्यासाठी पवित्र आत्म्याने चर्चला चालवलं, तर त्या पुस्तकांचा अर्थ उलगडतानाही चालवलं असणार. प्रॉटेस्टंट म्हणतो, चर्चने पुस्तकं ओळखली, त्यांना अधिकार दिला नाही; ओळखणारा मालक होत नाही. दोन्ही भूमिका प्रामाणिक आहेत. तुमच्या घरातलं भांडण वरवर पोपचं दिसत असलं तरी त्याच्या मुळाशी ही भूमिका आहे. इथे मतभेद असेल तर मत्तय 16 वर रात्रभर वाद घालून कोणीही हलणार नाही.

तिसरा दावा इतिहासाच्या हाती आहे. पेत्र रोममध्ये होता का? पेत्राच्या पहिल्या पत्राच्या शेवटी ‘बाबेल’मधून सलाम आहेत, आणि त्या काळी हे रोमचं टोपणनाव होतं. नीरोच्या काळात पेत्र आणि पौल रोममध्ये हुतात्मे झाले ही परंपरा जुनी आहे, आणि तो मान सांगणारं दुसरं कोणतंही शहर नाही. इथवर फारशी अडचण नाही. अडचण पुढे येते. सन 96 च्या सुमारास रोमच्या चर्चने करिंथच्या चर्चला पत्र लिहून, तुम्ही वडिलांना पदावरून काढलंत ते चुकीचं केलंत असं खडसावलं. पत्र ठाम आहे, पण ते ‘रोमचं चर्च’ लिहितं, ‘मी, रोमचा बिशप’ असं कोणी म्हणत नाही. सन 110 च्या आसपास अंत्युखियाचा इग्नेशियस इतर चर्चना लिहिताना बिशपवर कमालीचा भर देतो, आणि रोमला लिहिताना तिथल्या बिशपचा उल्लेखही करत नाही. दुसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत रोमचा कारभार वडिलांच्या मंडळाकडे होता, असं आज अनेक कॅथलिक इतिहासकारही मानतात. सन 180 च्या सुमारास लिऑनचा इरेनियस लायनस, अनाक्लेटस, क्लेमेंट अशी यादी देतो आणि खरी प्रेषितीय शिकवण तपासायची तर रोमशी जुळवून पाहा असं सांगतो. म्हणजे पद टप्प्याटप्प्याने स्पष्ट होत गेलं.

वाद तेव्हाही होते. 190 च्या सुमारास ईस्टरच्या तारखेवरून पोप व्हिक्टरने आशिया प्रांतातल्या चर्चशी संबंध तोडायचं ठरवलं, तेव्हा त्याच इरेनियसने त्याला आवरलं. 256 साली कार्थेजच्या सिप्रियनने 87 बिशपांची सभा भरवून पाखंडी गटांतल्या बाप्तिस्म्याच्या प्रश्नावर पोप स्टीफनच्या विरुद्ध भूमिका घेतली. हाच सिप्रियन पेत्राच्या आसनाला ऐक्याचं मूळ म्हणतो. 451 साली कॅल्सेडॉनमध्ये लिओचं पत्र वाचल्यावर बिशपांनी पेत्र लिओच्या मुखातून बोलला असा घोष केला, आणि त्याच परिषदेच्या 28व्या नियमात कॉन्स्टँटिनोपलला रोमच्या बरोबरीचे विशेषाधिकार दिले, कारण ते साम्राज्याचं नवं रोम. लिओने तो नियम नाकारला. रोमचा मान पेत्रामुळे की राजधानीमुळे, हे भांडण पूर्व आणि पश्चिमेत कायमचं राहून गेलं.

मी या इतिहासातून काय काढते? रोमच्या चर्चला पहिल्यापासून काही विशेष वजन होतं, हे नाकारणं कठीण. ते वजन 1870 च्या भाषेतलं होतं, असं म्हणणंही तितकंच कठीण. बी आणि झाडाचं नातं मानायचं, की कलम बाहेरून बांधलं म्हणायचं, हा विश्वासाचा निर्णय आहे. मी पहिलं मानते.

1870 ला नेमकं काय ठरलं याबद्दल दोन्हीकडे प्रचंड गैरसमज आहेत. तिसऱ्या अध्यायात पोपला संपूर्ण चर्चवर पूर्ण आणि सर्वोच्च अधिकार असल्याचं म्हटलं आहे, फक्त मानाचं अग्रस्थान नव्हे. चौथ्यात अचूकत्व आहे, म्हणजे पोपची शिकवण चुकू शकत नाही हा दावा, आणि त्याला अटी आहेत: पोप सर्व ख्रिस्ती लोकांचा मेंढपाळ या नात्याने बोलत असला पाहिजे, विषय श्रद्धेचा किंवा नीतीचा असला पाहिजे, आणि संपूर्ण चर्चने धरून ठेवायची शिकवण म्हणून तो ती निश्चित करत असला पाहिजे. विमानातल्या मुलाखती, राजकारणावरची मतं, बिशपांच्या नेमणुका, यांतलं काहीही त्यात बसत नाही. 1870 नंतर या पद्धतीने स्पष्टपणे जाहीर झालेला सिद्धांत एकच, 1 नोव्हेंबर 1950 चा, पवित्र मरीयेच्या स्वर्गोन्नयनाचा. त्याआधी 1854 मध्ये तिच्या निष्कलंक गर्भसंभवाचा. रोममधून येणारी प्रत्येक चिठ्ठी अचूक, असं आमच्याकडे कोणी सांगत असेल तर ते कॅथलिक शिकवणीपेक्षा जास्तच कॅथलिक झालेत.

मतदानही एकतर्फी वाटतं तसं नव्हतं. अंतिम मतदान 533 विरुद्ध 2 झालं, पण त्याच्या पाच दिवस आधीच्या चाचणीत 88 बिशपांनी विरोध नोंदवला होता आणि 62 जणांनी अटींसह होकार दिला होता. विरोधकांपैकी बरेच जण पोपसमोर नको म्हणायला नको म्हणून आधीच रोम सोडून गेले. दुसऱ्याच दिवशी फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं, सप्टेंबरमध्ये इटलीच्या सैन्याने रोम घेतलं, आणि परिषद अर्धवट राहिली. बिशपांचं स्थान काय, हा प्रश्न त्यामुळे लोंबकळत पडला. तो 1964 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘लुमेन जेन्सियुम’मध्ये हाती घेतला: बिशप हे पोपचे कारकून नाहीत, त्यांचा अधिकार ख्रिस्ताकडून येतो, आणि त्यांचा समूह पोपसह, पोपशिवाय कधीच नाही, सर्वोच्च अधिकार वापरतो.

अचूकत्वाला सर्वांत जड जाणारं ऐतिहासिक उदाहरण पत्रकात नाही याचं मला आश्चर्य वाटलं. पोप होनोरियस (625 ते 638) याने ख्रिस्ताला इच्छाशक्ती एक की दोन (दैवी आणि मानवी) या वादात लिहिलेल्या पत्रांवरून 680-681 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने त्याला नावानिशी दोषी ठरवलं. 1870 मध्ये विरोधी बिशपांनी हे प्रकरण पुढे आणलं होतं. कॅथलिक उत्तर असं की ती पत्रं खाजगी उत्तरासारखी होती, सगळ्या चर्चला बांधणारी व्याख्या नव्हती. उत्तर चालतं, पण थोडं खटकतं, आणि खटकायलाही हवं.

पत्रकातलं भाषण मात्र टाकून द्या. ते बिशप स्ट्रॉसमायर यांच्या नावावर फिरतं. ते परिषदेत होते, अचूकत्वाच्या ठरावाला त्यांचा विरोध होता, इतकं खरं. पण फिरणारं भाषण बनावट आहे. त्यांनी ते कधी केलं नाही. काकांना हे सांगताना आमच्याकडचंही सांगा, नाहीतर बरं दिसणार नाही. सम्राट कॉन्स्टंटाईनने पश्चिमेचं राज्य पोपला दान दिल्याचा एक दस्तऐवज मध्ययुगात शतकानुशतकं पोपांच्या बाजूने वापरला गेला, आणि तो बनावट असल्याचं लोरेन्झो व्हाल्ला याने 1440 मध्ये भाषेच्या पुराव्याने दाखवून दिलं.

तिच्या घरच्यांना एक आठवण करून द्यायला हरकत नाही. पोप मान्य असणं आणि पोपचा प्रत्येक हुकूम निमूट पाळणं, या दोन गोष्टी आपल्याच किनारपट्टीवर वेगळ्या होत्या. 1838 मध्ये पोप ग्रेगरी सोळावे यांनी पोर्तुगालच्या पाद्रोआदोचा (म्हणजे इथलं चर्च चालवण्याच्या पोर्तुगीज राजाच्या हक्काचा) भारतातल्या मोठ्या भागातला अधिकार काढून घेतला, तेव्हा गोव्याच्या बाजूच्या धर्मगुरूंनी तो आदेश मानला नाही. पेत्राचं प्रमुखत्व त्यांनी नाकारलं नव्हतं. आधीच्या पोपांनी दिलेला हक्क असा परस्पर काढता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. 1886 च्या करारानंतरही मुंबईत दोन अधिकारक्षेत्रं शेजारी शेजारी नांदली, ती 1928 पर्यंत. आणि पोपखाली सगळे एकाच साच्याचे असतात असंही नाही. कल्याणला मूळच्या केरळच्या सिरो-मलबार चर्चचा स्वतंत्र धर्मप्रांत आहे. त्यांची उपासना पूर्व सिरियाच्या परंपरेतली, आपले मुख्य आर्चबिशप त्यांचा सिनड (बिशपांची सभा) निवडतो, आणि तरी ते पूर्णपणे कॅथलिक आहेत.

पोपपद आज वापरलं जातं तसंच कायम वापरलं पाहिजे, असं खुद्द पोपही म्हणत नाहीत. 1995 मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी ‘उत उनुम सिंत’ या पत्रात इतर चर्चच्या नेत्यांना आवाहन केलं की या पदाचा गाभा न सोडता ते कोणत्या रीतीने वापरता येईल हे माझ्याबरोबर शोधा. त्यावर आलेल्या प्रतिसादांचा आढावा घेणारं अभ्यासपत्र व्हॅटिकनने जून 2024 मध्ये काढलं. त्या प्रतिसादांत अँग्लिकन आणि लुथरन मंडळींचेही आहेत. काकांनी पत्रकाऐवजी हे वाचलं तर बोलणं जास्त पुढे जाईल.

तर बैठकीत काय सांगाल? सासऱ्यांना: मत्तय 16 पेत्रासाठी चांगलं आहे, पण रोमपर्यंत पोहोचायला परंपरा लागते आणि तसं म्हणण्यात कमीपणा नाही. काकांना: पोप हा शब्द बायबलमध्ये नाही म्हणून पेत्राचं वेगळेपण पुसलं जात नाही. दोघांना एकाच दिवशी सांगू नका. आधी ज्याच्याशी तुमचं जास्त पटतं त्याला गाठा.

आता लग्नाचं. तुमचा बाप्तिस्मा झालेला आहे असं मी धरून चालते. मग हा मिश्र विवाह ठरतो आणि त्यासाठी तिच्या बिशपांच्या कार्यालयाकडून परवानगी लागते. आपली श्रद्धा न सोडण्याचं आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक श्रद्धेत व्हावं म्हणून शक्य ते सगळं करण्याचं वचन तिला द्यावं लागतं. तुमच्याकडून वचन घेत नाहीत. तिने काय वचन दिलं याची तुम्हाला नीट कल्पना दिली जाते, एवढंच. पोपच्या अधिकारावर तुम्हाला सही करावी लागत नाही. लग्न तुमच्या चर्चमध्ये करायचं असेल तर वेगळी सूट मागावी लागते. ती देताना कारणं पाहतात, आणि तपशील धर्मप्रांतागणिक बदलतात. मुलांचा प्रश्न मात्र पोपपेक्षा कितीतरी जास्त घरं हलवतो, त्यामुळे त्यावर तुम्ही दोघांनी आधी, घरच्यांना न बसवता, बोलून घ्या. तुमच्या मंडळीकडून बाप्तिस्म्याचा दाखला आत्ताच मागवून ठेवा, आणि तारीख व हॉल ठरवण्यापूर्वी तिच्या धर्मग्रामातल्या फादरांना दोघं मिळून भेटा.